मडमेची काठी

हिंदुराव,

एकाच घरात राहून तुला पत्र लिहिते आहे, कारण तोंडानं बोललं की तू 'हां अक्का' म्हणतोस आणि मिशीवरून हात फिरवतोस. कागदाला 'हां' म्हणून भागत नाही. वर चिरंजीव, प्रिय वगैरे काही लिहिलेलं नाही, कारण आज तसलं काही वाटत नाही. काल माळावर तू जे केलंस ते मी कुंपणापाशी उभी राहून पाहिलं. तू हरलास याचा मला राग नाही. माणसं हरतात. पण हातात कुठली काठी घ्यायची हे तुला ठाऊक होतं. मी वाचून सांगितलं होतं, तू स्वतः मारून पाहिलं होतंस, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतंस. आणि तरी चार रिकामटेकडी माणसं दात काढतील म्हणून तू ऐन वेळी दुसरी काठी उचललीस. मला तुझी किळस आली आहे. शब्द विचार करून वापरला आहे. आधी 'राग' लिहिला होता, तो खोडला.

अक्का

हे पत्र लीलाबाईंनी सोमवारी सकाळी हिंदुरावाच्या चहाच्या बशीखाली ठेवलं. त्यानं ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, चहा बशीत ओतला आणि सगळ्या जगाला सवड असल्यासारखा फुंकर मारत प्याला. मग मिशी पुसून म्हणाला, "अक्षर लई झ्याक हाय तुजं, अक्का." आणि सायकल काढून कामावर गेला. लीलाबाई ती ओली बशी हातात धरून उभ्या राहिल्या. आपटायचीच राहिली होती, पण बशी भावजयीच्या माहेरची होती.

हिंदुराव बावड्याचा. घरची बागायत, ऊस, थोडी केळी, आणि वडील आबासाहेब म्हणजे गावातलं वजनदार माणूस. पोरगं उंचीनं दाराच्या चौकटीला लागायला लागलं तेव्हा आबासाहेबांनी त्याला तालमीत घातलं आणि एका म्हशीचं दूध त्याच्या एकट्याच्या नावावर केलं. पण पैलवानाला लागते ती चपळाई त्याच्यात जन्मतःच नव्हती. त्याला पाडणं अवघड, आणि त्याच्या हातून कुणी पडणंही अवघड. जत्रेतल्या त्याच्या कुस्त्या इतक्या लांबायच्या की पंच कंटाळून दोघांच्याही हातात नारळ देऊन मोकळे व्हायचे. जेवायला बसला की पंगत उठायची आणि हा तेव्हा कुठं भाताशी पोचायचा. पायात वहाण सरकवायलासुद्धा त्याला मुहूर्त लागायचा. तरी रस्त्यानं चालला की माणसं वळून बघायची. छाती, मान, मिशी, सगळं कसं चित्रातल्यासारखं. त्या शरीराचं आणि त्या स्वभावाचं कधी जमलंच नाही. लोकांनी विश्वास ठेवला तो शरीरावर, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानंही ठेवला.

शेतकी शिक्षण कसंबसं पुरं करून तो इंदापूर तालुक्यातल्याच एका साखर कारखान्यात ओव्हरसियर लागला. पाटाच्या कडेनं सायकल मारायची, उसाच्या लागणी बघायच्या, शेतकऱ्यांशी बोलायचं. हे काम मात्र त्याला शोभायचं. म्हातारी माणसं त्याला बांधावर बसवून घेत आणि उसापासून सुरुवात करून सुनेपर्यंत सगळं सांगत. हा ऐकायचा. कोट घातलेला माणूस बांधावर बसून ऐकून घेतो, याचंच त्यांना अप्रूप. लीलाबाई हे मान्य करीत. भावाचे गुण त्यांना दिसत नव्हते असं नाही. ते फार दिसत होते, म्हणूनच बाकीचं बघवत नव्हतं.

लीलाबाई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा विषमज्वरानं गेला, आणि आईनं सगळ्या बावड्याशी भांडून मुलीला पुण्याला शिकायला ठेवलं. त्या बी. ए. झाल्या, शिकवण्याची परीक्षा दिली, आणि आई वारल्यावर भावाकडे कारखान्याच्या कॉलनीत येऊन राहिल्या. कॉलनीच्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग होते. तिथं त्या साहेबांच्या पोरांची नाकं पुसत आणि बाराखडी घोटून घेत. बी. ए. होऊन बाराखडी.

मग पंचावन्न सालच्या दिवाळीत बारामतीहून विचारणा आली. तिथं मुलींसाठी नवं हायस्कूल निघत होतं, मुख्याध्यापिका हवी होती, आणि संस्थेच्या लोकांनी लीलाबाईंना पसंत केलं होतं. जूनला रुजू व्हायचं. लीलाबाई पत्र घेऊन त्याच दिवशी बावड्याला गेल्या. आबासाहेबांनी ते वाचून घेतलं, अभिमानानं पाव्हण्यारावळ्यांना दाखवलं आणि मग शांतपणे म्हणाले, "येकटी बाई परगावात खोली घेऊन ऱ्हाणार न्हाय. भाऊ तितं असंल तर जा. नसंल तर हाय ती शाळा काय वाईट हाय?"

चौतिशीतल्या बाईला, जी मुलींच्या अख्ख्या शाळेला वळण लावू शकते असं बारामतीच्या शहाण्या माणसांना वाटत होतं, तिला खोलीला आतून कडी लावता येईल की नाही याची आबासाहेबांना खात्री नव्हती. पण त्यांच्याशी भांडायला आई आता नव्हती.

योग असा की कारखाना त्याच उन्हाळ्यात बारामतीला स्टेशनजवळ शेतकी ऑफिस उघडणार होता. तिथं एक ओव्हरसियर कायमचा राहणार, राहायला घर मिळणार. हिंदुरावाची बदली तिकडं झाली की आबासाहेबांचं तोंड बंद. म्हणजे लीलाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य भावाच्या बदलीवर येऊन टेकलं, आणि भावाची बदली, कॉलनीतलं शेंबडं पोरही सांगत होतं, माळावर ठरणार होती.

माळ म्हणजे कॉलनीमागचा खडकाळ, मुरमाड उंचवटा. तिथं पूर्वी गावची गुरं चरायची. इंग्रज चीफ इंजिनियर होता तेव्हा त्यानं तिथं गोल्फ खेळायला सुरुवात केली, आणि तो विलायतेला गेल्यावर आपल्या मॅनेजरसाहेबांनी ती गादी चालवली. बाभळी तोडून वाटा केल्या. गवत जगेना, म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूत जळकं इंजिन-ऑइल कालवून काळे गोल थापले. भोकात दुधाच्या पावडरीचे डबे पुरले. दर रविवारी सकाळी मोठी शिकलीसवरलेली माणसं पायजम्याएवढ्या ढगळ विजारी घालून त्या काळ्या चिखलाभोवती वाकून उभी राहायची आणि साहेबांचा चेंडू डब्यात पडला की 'वा साहेब' म्हणायची. न पडला तरी म्हणायची. हिंदुराव घरी आला की त्याच्या बुटांना त्या तेलाचा वास यायचा. लीलाबाई बूट चिमटीत धरून अंगणात टाकीत. ज्या जमिनीत बाभूळसुद्धा मनापासून उगवत नाही तिथं विलायत उगवायला निघालेली ही माणसं बघून त्यांना शिसारी यायची. आणि आता त्याच माळाकडे आशेनं बघायची पाळी आली, याची तर फारच.

हिंदुराव खेळायला लागला तोही असाच. एका रविवारी तो सायकल धरून माळाच्या कडेला उभा होता. साहेबांचा जोडीदार काविळीनं पडलेला. साहेबांनी ही पैलवानी आकृती बघितली आणि हाक मारली, "घोगरे, मारून बघता का?" सगळ्या काठ्या लोकांच्या हातात होत्या. पेटीच्या तळाशी इंजिनियरच्या मडमेच्या काठ्या तेवढ्या उरल्या होत्या. पोलादी, बारीक दांडीच्या, हलक्या. हवेत फिरवली तर दांडी वाकून परत सरळ होताना दिसायची. हिंदुरावानं त्यातली एक घेतली. विहिरीतून भरली घागर ओढावी तशी सावकाश खांद्यावर नेली, वर क्षणभर थांबला, आणि तशीच सावकाश खाली आणली. बघणारे हसायच्या बेतात होते. तोवर चेंडू सुतात ओवल्यासारखा सरळ निघाला आणि शेवटच्या बाभळीच्याही पलीकडे जाऊन पडला.

साहेब खूश. त्या दिवसापासून जोडीदार तो. काविळीचा माणूस बरा झाला तरी त्याला परत बोलावणं आलं नाही. कॉलनीत हिंदुरावाला वाट द्यायला लागले. त्याची बायको मुक्ताबाई, कोऱ्हाळे बुद्रुकची, बागायतदाराची लेक, तिला नळावर पहिला नंबर मिळायला लागला. ती लीलाबाईंना म्हणाली, "वन्सं, आता बारामतीचं बिऱ्हाड बांधायला घ्या."

आणि मग दत्तोबा आला.

दत्तोबा म्हणजे कारखान्याचा स्टोअरकीपर. ठेंगणा, तुरतुरीत, तोंडात कायम पान. खिळ्यापासून साखळदंडापर्यंत सगळं त्याच्या ताब्यात, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला कळते अशी त्याची समजूत. स्वतः कधी खेळला नाही, पण माळाच्या कुंपणाला टेकून शेरे मारण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. तो एका संध्याकाळी घरी आला. हिंदुराव काठ्या पुसत बसलेला. दत्तोबानं मडमेची काठी घेतली, टोक फरशीवर टेकवलं आणि वरून तळहातानं दाबलं. आठवडी बाजारात काठी अशीच बघतात. जमिनीवर टेकवून भार द्यायचा. लवली तर परत टाकायची, ताठ राहिली तर खांद्यावर मारून घरी आणायची. कुत्र्याला, सापाला, भाऊबंदाला, सगळ्याला तीच चालते. मडमेची काठी अर्थात लवली.

"हिंदुराव," दत्तोबा म्हणाला, "ही तर नव्या नवरीवानी मान खाली घालती की. हिच्यानं कुत्रंबी हटायचं न्हाय. आन् तुमी एवढं धिप्पाड माणूस ही घेऊन साहेबाशेजारी हुबं ऱ्हाता?"

मग त्यानं पेटीतल्या एकेक काठीवर तळहात दाबून बघितला. इंजिनियरच्या स्वतःच्या काठ्यांपैकी एक अजिबात हलली नाही. जाड दांडी, मोठं डोकं, कांबीसारखी ताठ. "ही गड्याची," असा निकाल देऊन, पानाची पिंक लीलाबाईंच्या तुळशीशेजारी टाकून, तो गेला.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये त्यानं हा प्रसंग सगळ्यांना रंगवून सांगितला. नवरीची मान कशी लवते ते स्वतः करून दाखवलं. आठवडाभर हिंदुराव दिसला की कुणी ना कुणी पदर घेतल्यासारखं करायचं आणि मान खाली घालायचं. मोठी माणसं, पोराबाळांचे बाप. हिंदुराव हसायचा. त्यांच्याबरोबर हसायचा. पुढच्या रविवारी त्यानं गड्याची काठी नेली.

चेंडू उठेचना. जमिनीलगत सरपटत उजवीकडे जायचा, एकदा पाण्याच्या चारीत, एकदा बिरदेव धनगराच्या मेंढरांत. साहेब 'वा' म्हणायचे थांबले. हिंदुरावाला वाटलं आपण जोर कमी लावतो. त्यानं जोर वाढवला. चेंडू आणखी उजवीकडे. घरी येऊन तो दंडाला तेल चोळत बसायचा.

लीलाबाईंनी हे दोन रविवार बघितलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्या कॉलनीच्या क्लबात गेल्या. क्लब म्हणजे एक कापड फाटलेलं बिलियर्डचं टेबल आणि इंजिनियरनं मागं टाकलेल्या इंग्रजी मासिकांचं कपाट. शाळेत जाणाऱ्या बाईनं क्लबात शिरावं म्हणजे काय, अशा चेहऱ्यानं तिथला शिपाई बघत राहिला. लीलाबाईंनी त्याला कपाट उघडायला लावलं, धूळ झटकली आणि खुर्चीत बसून गोल्फवरचे लेख वाचायला घेतले. ज्या डोळ्यांनी रात्र रात्र बी. ए.चा अभ्यास केला त्या डोळ्यांनी आता गुडघ्यापर्यंत मोजे घातलेल्या लठ्ठ इंग्रजांची चित्रं बघायची! पण बाईंना वाचता येत होतं, आणि जे वाचलं ते अगदी साधं निघालं. काठी निवडायची ती माणसाच्या दंडावरून नाही, त्याच्या झोक्याच्या वेगावरून. जो झटक्यानं मारतो त्याला ताठ दांडी, नाहीतर दांडी इतकी वाकते की काठीचं डोकं कुठल्या कुठं जातं. जो सावकाश मारतो त्याला लवणारी. ती मागं वाकते आणि ऐन चेंडूपाशी सुटून सरळ होते, म्हणजे हाताला नसलेला वेग दांडी देते. सावकाश माणसाच्या हातात ताठ काठी दिली तर डोकं वेळेवर पोचतच नाही. चेंडू खाली, आणि उजवीकडे.

लीलाबाईंना एकदम बावड्याचं ज्वारीचं रान आठवलं, राखणीचा माळा आणि गोफण. गोफण फिरवणारा हात काही जोरात नसतो. दोरी ढिली असते म्हणून तर दगड जातो. दोरीच्या जागी सळई लावून गोफण फिरवली तर दगड पायावर पडेल. यात न कळण्यासारखं काय होतं? पण पुरुषांना कळायला ते आधी इंग्रजीत छापून यावं लागतं, आणि छापून आलं तरी दत्तोबाला विचारावं लागतं.

त्यांनी हिंदुरावाला सांगितलं. तो म्हणाला, "हां अक्का." मग त्या दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला माळावर घेऊन गेल्या. मुक्ताबाईनं चेंडू पदरात घेतले. माळावर कुणी नव्हतं, लांब बिरदेवाची मेंढरं तेवढी. लीलाबाईंनी हुकूम केल्यासारखं सांगितलं, आधी ताठ, मग मडमेची, आळीपाळीनं, आणि जोर लावायचा नाही, रोज घागर ओढतोस तसं. हिंदुरावानं मारलं. ताठ काठीचे चेंडू सगळे उजवीकडच्या घाणेरीत शिरले. मडमेच्या काठीचे एकामागोमाग एक सरळ जाऊन एका जागी पडले, ज्वारी पेरावी तसे.

मुक्ताबाई चेंडू गोळा करून आली तेव्हा तिच्या हातांना काटे लागले होते. ती नवऱ्याला म्हणाली, "ह्ये घाणेरीतलं तुमचं मोठेपण. आन् त्ये तितलं शानपण. घ्या कोणचं घ्यायचं ते."

हिंदुरावानं मडमेची काठी पुसून घेतली. मग म्हणाला, आणि त्या वेळी त्याचा आवाज लहानपणी दगड लागून पाखरू पडल्यावर यायचा तसा होता, "अक्का, हीच माजी काठी हाय. मला पयल्या दिवशीच ठावं हुतं."

"मग मॅचला?"

"हीच घिन. शब्द देतो."

लीलाबाईंना त्या सकाळी भाऊ आवडला. हेही लिहायला हवं.

मॅच फेब्रुवारीत होती. सोलापूरकडच्या एका कारखान्याचे साहेब लोक येणार होते. मांडव घातला, साहेब लोकांच्या बायका खुर्च्यांवर बसल्या, सरबत फिरलं. कुंपणाबाहेर कामगार, गाडीवान, उसाच्या मोळ्या उतरवून आलेले शेतकरी. आपली माणसं कशाकरता वाकतात आणि कशाकरता टाळ्या वाजवतात हे त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण फुकट होतं. लीलाबाई मांडवात बसल्या नाहीत. त्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या, मुक्ताबाई शेजारी. दोघींनाही ठाऊक होतं की हा खेळ कसला आहे. बाकीच्यांसाठी डबा आणि चेंडू, आणि यांच्यासाठी बारामती.

हिंदुराव पाच भोकांपर्यंत मडमेच्या काठीनंच खेळला, आणि काय खेळला! साहेबांचे चेंडू इकडंतिकडं जात होते, हा शांतपणे सगळं सांभाळून घेत होता. समोरचा एक कडक कॉलरवाला जोरजोरात काठी हाणून घामाघूम झाला होता. सहाव्या, शेवटच्या भोकाला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. लांब पल्ला, उजवीकडे चारी. हिंदुरावाला फक्त सरळ मारायचं होतं. ती एकच गोष्ट त्याला परमेश्वरानं शिकवून पाठवली होती.

तो काठी घेऊन उभा राहिला, आणि कुंपणावरून दत्तोबाचा आवाज आला, फार मोठा नाही, मांडवापर्यंत जाईल एवढाच.

"नवरीला जपून न्या, हिंदुराव. मान लचकंल."

मांडवात कुणीतरी विचारलं, काय म्हणाला तो? कुणीतरी सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाहुण्यांपैकी एकानं काठीकडे निरखून बघितलं आणि इंग्रजीत म्हटलं की ही तर लेडीज क्लब, म्हणजे बायकांची काठी आहे. साहेबही हसले. वाईट हेतूनं नाही, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हसावं तसे. हिंदुरावाची मान लाल झाली. लीलाबाईंना ती मागूनही दिसली. त्यानं मडमेची काठी पेटीत ठेवली आणि ताठ काठी उपसली.

मुक्ताबाई हळूच म्हणाली, "मेलं."

चेंडू सरपटत निघाला आणि उजवीकडे वळून चारीत पडला. पाण्याचा बारीकसा आवाज झाला. पलीकडच्या बाजूनं टाळ्या. साहेब म्हणाले, "चला, चहा घेऊ," आणि पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून मांडवाकडे गेले. हिंदुराव काठी धरून तिथंच उभा राहिला. दत्तोबा कुंपण ओलांडून आत गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "असू दे, हिंदुराव. मर्दावानी हारला." आणि हिंदुराव, लीलाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हसला. त्याला ते बरं वाटलं. एका बाईची शाळा, तिचं घर, तिची पुढची पंचवीस-तीस वर्षं चारीत गेली होती, आणि त्याला 'मर्दावानी' बरं वाटलं.

बशीखालचं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

पण गोष्ट तिथं संपली असती तरी बरं झालं असतं. बुधवारी मॅनेजरसाहेब शाळेत आले. खिडक्यांची तावदानं फुटली होती, ती बघायला. जाताना पायरीवर थांबले आणि सहज म्हणाले, "तुमचे बंधू सध्या दिसत नाहीत. मॅचचं मनाला लावून घेतलंय की काय? सांगा त्यांना, खेळ तो खेळ." मग म्हणाले, "बारामतीच्या ऑफिसचं अजून ठरवलेलं नाही मी. तो दुसरा ओव्हरसियर मानसिंग रोज येऊन विचारतो, मला पाठवा म्हणून. घोगरे कधी बोलले नाहीत. त्यांना जायचंय का?"

लीलाबाईंना एक क्षण काही उमगेना. इतके रविवार, इतकं तेल, इतक्या घाणेरीतल्या वाटा, आणि या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं? अख्खी कॉलनी डोळे मिटून समजत होती की साहेब माळावर बदल्या ठरवतात. कुणी साहेबांना विचारलं होतं का? आणि आपण तरी?

"जायचंय," त्या म्हणाल्या. "त्यालाही जायचंय, मलाही. माझी तिथल्या मुलींच्या शाळेत निवड झाली आहे."

साहेबांना खरंच आनंद झाला. म्हणाले, "मग अडचण काय? पण बाई, माझी एक पद्धत आहे. माणसानं स्वतः येऊन सांगावं. उद्या बहिणीनं पाठवला म्हणून गेलो असं कुणी म्हणायला नको. शनिवारी दुपारी मी पुण्याला निघतो. त्याआधी केव्हाही येऊ द्या."

त्या संध्याकाळी लीलाबाईंनी हिंदुरावाला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कुठल्या तोंडानं जाऊ, अक्का? पाव्हण्यांपुढं साहेबाची मान खाली गेली माज्यापायी."

"साहेबाची मान जागेवर आहे. मी बघितली. तू फक्त एवढं म्हणायचंस, 'साहेब, मला बारामतीला जायचंय.' म्हण बघू."

"सायेब, मला बारामतीला जायाचं हाय."

"बस. एवढंच. खेळाचा शब्दही काढायचा नाही."

"जातो उद्या."

गुरुवारी कालव्याला पाणी सुटणार होतं. शुक्रवारी साहेबांकडे बाहेरची माणसं बसलेली होती, असं तो म्हणाला. मुक्ताबाईनं शेजारच्या बाईकडून काढलं तर तिकडं चिटपाखरूही नव्हतं. शनिवारी सकाळी लीलाबाई शाळेत गेल्याच नाहीत. मुक्ताबाईनं नवऱ्याचा कोट इस्त्री केला, टोपी झटकून हातात दिली. हिंदुरावानं बूट चढवले, फार वेळ लावून चढवले, आणि निघाला. बंगला कॉलनीच्या वरच्या टोकाला, ओसरीवरून त्याचा लाल पत्रा दिसायचा. लीलाबाई ओसरीच्या खांबाला धरून बघत राहिल्या.

वाट स्टोअरवरून जात होती. स्टोअरच्या बाकावर दत्तोबा आणि आणखी दोघे-तिघे बसले होते. त्यांनी कोट-टोपी बघून हाक मारली असावी. हिंदुराव थांबला. काय बोलणं झालं ते ओसरीवर ऐकू आलं नाही. दत्तोबानं बाकावर सरकून जागा केली. हिंदुराव उभाच राहिला, एकदा वर बंगल्याकडे बघितलं. मग कुणीतरी काहीतरी म्हणालं, सगळे हसले, हिंदुरावाची छातीही हसताना हलली. त्यानं टोपी काढून खिशात घातली आणि बाकावर बसला.

लीलाबाईंनी चपला घातल्या होत्या. स्वतः जाऊन त्याला दंडाला धरून उठवावं, असं त्यांच्या मनात आलं. मुक्ताबाई मागून म्हणाली, "नका जाऊ वन्सं. तुमच्या मागनं येतील, आन् तितंबी गप ऱ्हातील."

दुपारी साहेबांची मोटार फाटकातून बाहेर पडली. हिंदुराव तेव्हा घरी जेवत होता. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तो मोटारीचा आवाज पार पुलापलीकडे जाईपर्यंत थांबला.

"सोमवारी आल्यावर सांगतो, अक्का," तो म्हणाला.

सोमवारी मानसिंगाच्या नावाची ऑर्डर लागली. त्यानंतर हिंदुराव कारखान्यात कितीतरी वर्षं होता, बंगल्यावरून सायकलनं रोज जायचा, साहेबांना नमस्कारही करायचा. ते एक वाक्य मात्र त्याच्याच्यानं तिथं पोचवून झालं नाही.